माशांच्या वयाचा हिशेब

प्रवाळभित्तीच्या कपारींत राहणारा ‘इव्हिओटा सिजिलाटा’ हा इवलासा गोबी मासा जास्तीत जास्त ५९ दिवस जगतो. त्यातले सुमारे तीन आठवडे उघड्या समुद्रात तरंगण्यात जातात, दीड-दोन आठवडे वयात येण्यात जातात आणि उरलेल्या साडेतीन आठवड्यांत वीण उरकून तो मरतो. ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला रोली शोल्स नावाच्या प्रवाळभित्ती आहेत. तिथे २०१६ साली पकडलेला, तांबोशाच्या कुळातला एक मासा तपासणीत ८१ वर्षांचा निघाला. म्हणजे त्याचा जन्म १९३५च्या सुमाराचा. माशांच्या कानात चुनखडीचे बारीक खडे असतात आणि झाडाच्या खोडासारखी त्यांवर वर्षागणिक वलये चढतात, त्यावरून हे वय काढता येते. दोन महिन्यांचा जीव आणि आठ दशकांचा जीव एकाच तऱ्हेच्या खडकाच्या आसऱ्याने राहतात आणि पाणी तापले की दोघांनाही तीच झळ लागते. पण त्या झळेचा अर्थ दोघांसाठी सारखा नसतो. प्रवाळभित्तीवरच्या माशांचे जीवशास्त्र समजून घेण्याची आणि त्यांच्या संरक्षणाचा विचार करण्याची खरी किल्ली या वयांच्या फरकात आहे, आणि आजवरचे बरेचसे संरक्षण या फरकाकडे न पाहता आखले गेले आहे, असे या पुस्तकाचे म्हणणे आहे. किती चौरस किलोमीटर क्षेत्र राखले, किती टक्के प्रवाळ जिवंत आहे, किती टन मासळी बंदरावर उतरली, हे आकडे अहवालांत असतात. कोणत्या वयाचे मासे उरले, हा आकडा त्यांत क्वचितच सापडतो.

या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकासाठी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. प्रवाळ, म्हणजे आपल्या बोलण्यातले पोवळे, हा प्राणी आहे. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. ते उन्हावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. या बळावर प्रवाळ चुनखडीचे सांगाडे उभारतो आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या सांगाड्यांची भित्ती बनते. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा अंशभर जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ आपल्यातले शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. ते लवकर निवळले तर प्रवाळ सावरतो, नाही तर मरतो. सांगाडा मात्र काही वर्षे उभा राहतो आणि मग लाटांनी व पोखरणाऱ्या जीवांनी ढासळतो. जगातल्या समुद्रतळाचा जेमतेम ०.२ टक्के भाग प्रवाळभित्तींनी व्यापलेला आहे. तरी ज्ञात सागरी जातींपैकी सुमारे चतुर्थांश जाती आयुष्यात कधी ना कधी त्यांच्या आश्रयाला येतात, आणि माशांच्याच काही हजार जाती आहेत. भारतात कच्छचे आखात, मन्नारचे आखात व पाल्कची सामुद्रधुनी, अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप हे चार मुख्य प्रवाळप्रदेश. महाराष्ट्राच्या वाट्याला मालवणच्या खडकांवरचे तुरळक प्रवाळ आणि विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर पश्चिमेला पाण्याखाली दडलेला आंग्रिया बँक येतो. कान्होजी आंग्र्यांचे नाव मिरवणाऱ्या या पठाराचा माथाही पृष्ठभागाखाली वीसेक मीटर आहे. या पुस्तकाचा मुख्य आधार मात्र लक्षद्वीप आहे, कारण भारतातल्या प्रवाळ-माशांचा दीर्घकाळ आणि सातत्याने झालेला अभ्यास तिथला आहे.

या शास्त्राची सुरुवात बरण्यांतून झाली. फ्रान्सिस डे यांचा भारतीय माशांवरचा प्रचंड ग्रंथ १८७५ ते १८७८ या काळात निघाला, आणि लक्षद्वीपच्या माशांची पहिली भक्कम यादी जोन्स व कुमारन यांनी १९८० साली दिली; तीत ६०३ जाती आहेत. हवाईचे जॉन रँडल यांनी तर आयुष्यभरात आठशेहून अधिक माशांना शास्त्रीय नावे दिली. या परंपरेला नुसती नामावळी म्हणून हिणवण्याची फॅशन मध्यंतरी होती. पण जात ओळखता आली नाही तर पुढचा एकही प्रश्न विचारता येत नाही. बरणीतल्या माशाकडे पाहून तो काय करत होता हे मात्र कळत नाही. डार्विनने १८४२च्या आपल्या ग्रंथात कीलिंग बेटांवर प्रवाळ चरणाऱ्या पोपट माशांची नोंद केली होती. त्यांची आतडी चुन्याच्या चिखलाने फुगलेली त्याने पाहिली होती. मासा भित्ती घडवतो-बिघडवतो ही कल्पना म्हणजे तेव्हापासूनची. ती तपासायला मात्र शंभर वर्षे थांबावे लागले. १९४३मध्ये कूस्तो आणि गान्याँ यांनी पाण्याखाली श्वास घेण्याचे सुटसुटीत साधन तयार केले, आणि १९५४मध्ये व्हर्नन ब्रॉक यांनी हवाईत दोरीच्या ठरावीक अंतरावर पोहत जाऊन मासे मोजण्याची पद्धत मांडली. पाण्याखालच्या गणनेची ही पद्धत थोड्याफार सुधारणांसह आजही वापरात आहे. जाळ्यात सापडणारे मासे आणि प्रत्यक्षात असणारे मासे यांतला फरक तेव्हा प्रथमच मोजता आला.

मोजणी हातात आल्यावर पहिला मोठा वाद पेटला तो इतक्या जाती एकाच जागी कशा नांदतात यावर. एका पक्षाचे म्हणणे होते, की प्रत्येक जातीने खाण्याची, राहण्याची आणि वेळेची आपापली वाटणी करून घेतली आहे. कपार कोणाची, वाळू कोणाची, रात्र कोणाची हे ठरलेले असते. पीटर सेल यांनी ग्रेट बॅरिअर रीफवर आपापली जागा राखणाऱ्या डॅमसेल माशांचा अभ्यास करून १९७०च्या दशकात याला छेद दिला. जागा रिकामी झाली की तिथे कोण येईल हे बळावर किंवा लायकीवर ठरत नाही. त्या वेळी प्रवाहातून जे पिल्लू येऊन पडेल त्याची जागा. म्हणजे ही सोडतच. पाठोपाठ पीटर डोहर्टी यांनी ऑस्ट्रेलियात आणि बेंजामिन व्हिक्टर यांनी पनामात दाखवले, की पुष्कळदा जागा भरपूर असते, कमी असतात ती पिल्ले. माशांची संख्या घरांवर ठरत नाही, येणाऱ्या पाहुण्यांवर ठरते. डोहर्टी आणि फाउलर यांनी १९९४मध्ये नऊ वर्षांच्या नोंदी मांडल्या तेव्हा आज मोजलेल्या माशांच्या वयांत जुन्या वर्षांच्या आवकीचा इतिहास जसाच्या तसा वाचता आला. माझ्या मते वाटणीवाले आणि सोडतवाले यांच्या भांडणातून निघालेले सर्वांत मोलाचे फळ हे होय. चांगल्या सालची आवक दीर्घायुषी माशांत साठून राहते आणि पुढची पाच-सात वाईट साले निभावते. आवकीचा भरवसा नसलेल्या जगात लांब आयुष्य हाच माशाचा विमा असतो. म्हातारे मासे काढून टाकले की साठा संपतो आणि एखादे कोरडे साल सारा कारभार उलटवू शकते.

पिल्ले येतात कुठून हा पुढचा प्रश्न. बहुतेक प्रवाळ-मासे अंडी पाण्यात सोडतात किंवा अंड्यांतून बाहेर पडलेली पिल्ले प्रवाहाबरोबर दूर जातात. म्हणून फार काळ असे मानले जाई, की कोणत्याही भित्तीवरची पिल्ले दुसरीकडून आलेली असतात. जेफ्री जोन्स आणि सहकाऱ्यांनी ग्रेट बॅरिअर रीफवरच्या लिझर्ड बेटापाशी डॅमसेल माशांच्या एक कोटीहून अधिक गर्भांच्या कानखड्यांना रंगद्रव्याने खूण केली आणि १९९९मध्ये जाहीर केले, की परत येणाऱ्या पिल्लांपैकी १५ ते ६० टक्के पिल्ले त्याच बेटाची असू शकतात. पापुआ न्यू गिनीच्या किंबे उपसागरात २००७मध्ये याला आणखी दुजोरा मिळाला. तिथे एका छोट्या बेटावर स्थिरावलेल्या पिल्लांपैकी सुमारे ६० टक्के तिथलीच निघाली. ही पिल्ले वासाने आणि आवाजाने घर ओळखतात, हेही आता बऱ्यापैकी सिद्ध झाले आहे. जिवंत भित्तीवर कोळंब्यांची कडकड आणि माशांची गुरगुर अखंड चालू असते. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ग्रेट बॅरिअर रीफवर मेलेल्या प्रवाळांच्या ढिगांपाशी अशा निरोगी भित्तीचा आवाज लाउडस्पीकरवरून ऐकवला, तेव्हा तिथे जमलेल्या माशांची संख्या दुप्पट झाली. गंमत म्हणून हा प्रयोग वर्तमानपत्रांत बराच गाजला. त्याचा गंभीर अर्थ असा, की मुकी झालेली भित्ती नव्या पिढीला बोलावूच शकत नाही. संरक्षणाच्या दृष्टीने या साऱ्याचा निष्कर्ष महत्त्वाचा आहे: स्वतःच्या बेटाभोवतीचे मासे राखले तर त्यांची पोरे बऱ्याच अंशी आपल्यालाच मिळतात आणि उरलेली शेजाऱ्याला. ऑस्ट्रेलियातल्या केपेल बेटांच्या परिसरात २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात, सुमारे २८ टक्के राखीव भित्तींतून त्या टापूतली निम्मी पिल्ले आलेली दिसली. राखीव भागातले मासे वयाने आणि आकाराने मोठे होते, हेच त्याचे कारण.

मोठ्या मादीचे मोल बाजाराच्या तराजूत कळत नाही. मेक्सिकोच्या आखातातल्या लाल तांबोशाबद्दलचा एक आकडा मत्स्यशास्त्रात वारंवार दिला जातो: ६१ सेंटिमीटरची एक मादी जेवढी अंडी घालते तेवढी घालायला ४२ सेंटिमीटरच्या २१२ माद्या लागतात. वजनाने ती मादी त्यांच्यातल्या एकीच्या बारापटही नसते. हेकरूंच्या (ग्रूपर माशांच्या) बाबतीत गुंता आणखी आहे. त्यांच्या बऱ्याच जातींत मासा आधी मादी असतो आणि वाढल्यावर नर होतो. मोठे मासे निवडून मारणे म्हणजे तिथे नरच संपवणे. आपल्याकडे ‘मोठा मासा धरा, लहान सोडा’ हा सल्ला शहाणपणाचा समजला जातो. लहान सोडा हे अगदी बरोबर, पण मोठा धरायचा हे प्रवाळ-माशांना तितकेसे लागू पडत नाही.

१९८०च्या दशकापासून शास्त्राचे लक्ष मासे कोण आहेत यावरून ते काय काम करतात याकडे वळले, आणि त्याला निमित्त झाले जमैका. १९८०चे ॲलन चक्रीवादळ, १९८३मध्ये काळ्या समुद्री साळिंदरांवर आलेली साथ आणि त्याआधीच्या कित्येक दशकांत शेवाळ खाणाऱ्या माशांची झालेली बेसुमार मासेमारी, यांचा मिळून परिणाम असा झाला, की १९७०च्या अखेरीस ५० टक्क्यांहून अधिक असलेले जिवंत प्रवाळ पाच टक्क्यांखाली गेले आणि भित्तींवर शेवाळाचे रान माजले. टेरी ह्यूज यांनी १९९४मध्ये ही कहाणी आकड्यांनिशी मांडली. त्यातून एक संपूर्ण विचारपंथ उभा राहिला: पोपट मासे आणि सर्जन मासे हे भित्तीचे राखणदार; ते शेवाळ कातरतात, नव्या प्रवाळाला जागा करून देतात; म्हणून त्यांना वाचवा, प्रवाळ आपोआप सावरतील. डेव्हिड बेलवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पंथाला सूक्ष्मता दिली. ऑस्ट्रेलियातल्या ऑर्फियस बेटापाशी मुद्दाम वाढू दिलेले शेवाळाचे रान मोकळे केले तेव्हा ते फस्त केले पोपट माशांनी नव्हे, तर एरवी त्या कामासाठी कोणी न गणलेल्या बॅटफिशने. कोण कधी कामाला येईल हे आधी सांगता येत नाही, हा त्यातला धडा.

या पंथावर गंभीर आक्षेप आहेत आणि ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जॉन ब्रुनो आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये सरळ विचारले, की मासे राखल्याने प्रवाळ तगतात तर मग राखीव क्षेत्रांतले प्रवाळ बाहेरच्यांइतकेच का मरत आहेत? प्रश्न रास्त आहे. उष्णतेची लाट राखीव क्षेत्राची हद्द पाहत नाही, आणि पोपट मासा पाणी थंड करत नाही. लक्षद्वीपचाच पुरावा घ्या. तिथल्या भित्तींवर मासेमारीचा ताण जगाच्या मानाने फार कमी होता. १९९८, २०१० आणि २०१६ या तिन्ही ब्लीचिंगांत तिथले प्रवाळ तरीही मेले. आगत्ती, कदमत आणि कवरत्ती इथल्या नोंदींनुसार १९९८मध्ये सुमारे ३७ टक्के असलेले प्रवाळाचे आच्छादन २०२२पर्यंत २० टक्क्यांखाली आले. तेव्हा मासे राखून ब्लीचिंग थांबवता येते असा दावा हे पुस्तक करत नाही, आणि तो कोणी केला तर वाचकाने मानू नये. मात्र आक्षेपाने सिद्ध होते ते एवढेच. ब्लीचिंगनंतर काय होते हा वेगळा प्रश्न आहे. सेशेल्समध्ये १९९८मध्ये ९० टक्क्यांहून अधिक प्रवाळ मेले. पुढच्या दीडेक दशकात पाहणीतल्या २१ भित्तींपैकी १२ सावरल्या आणि नऊ शेवाळाखाली गेल्या. कोणती सावरेल हे पाण्याची खोली आणि भित्तीचा उंचसखलपणा यांवर सर्वाधिक ठरले. शेवाळ खाणाऱ्या माशांचे प्रमाणही त्यात मोजले गेले. म्हणजे राखणदाराची भूमिका दुय्यम आहे, पण शून्य नाही. शिवाय मासा हा प्रवाळाचा नोकर आहे, म्हणूनच त्याला वाचवायचे, ही मांडणीच मला अपुरी वाटते. किनाऱ्यावरच्या माणसांचे पोट माशावर चालते, आणि भित्ती मेल्यावरही काही काळ चालत राहते.

याच सेशेल्समधून आलेला दुसरा निष्कर्ष कमी ऐकू येतो. ब्लीचिंगनंतरच्या वर्षांत मोठे मासे जवळजवळ पूर्वीइतकेच दिसत राहिले, कमी झाले ते लहान. मासेमारांच्या टोपल्यांत फरक पडला नाही. कारण उघड आहे: म्हातारे मासे जुन्या भित्तीवर वाढले होते, त्यांच्या जागी येऊ पाहणाऱ्या पिल्लांना मात्र लपायला कपारी उरल्या नव्हत्या. उतरलेल्या मासळीचे टन मोजणाऱ्याला यातले काही दिसत नाही. माशांची वये मोजणाऱ्याला ते दहा वर्षे आधी दिसते. लक्षद्वीपमध्ये रोहन आर्थर आणि नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनमधले त्यांचे सहकारी १९९८पासून भित्तींवर नजर ठेवून आहेत. त्यांच्या कामात हेकरूंबद्दल याच्याशी जुळणारी गोष्ट आढळली: दीर्घायुषी हेकरू मुख्यतः अशा भित्तींवर उरले, जिथे एकामागून एक आलेल्या ब्लीचिंगनंतरही सांगाड्यांची घडण टिकून होती, अल्पायुषी जातींना तेवढ्या स्थैर्याची गरज भासली नाही. आता याच्या शेजारी २०१८मध्ये ह्यूज आणि सहकाऱ्यांनी काढलेला आकडा ठेवा. १९८०च्या सुरुवातीला एखाद्या भित्तीवर तीव्र ब्लीचिंग पंचवीस-तीस वर्षांनी एकदा येई; आता ते अंतर सरासरी सहा वर्षांवर आले आहे. गोबीच्या दृष्टीने सहा वर्षांत कित्येक पिढ्या होतात. वीस-तीस वर्षे जगणाऱ्या माशाला मात्र एकाच आयुष्यात तीन ते पाच वेळा घर कोसळताना सोसावे लागते. यापुढच्या प्रवाळभित्ती अल्पायुषी माशांच्या असतील अशी दाट शक्यता यातून दिसते, आणि त्या तशा होण्याचा वेग आपण मासेमारीने वाढवायचा की नाही, एवढाच प्रश्न आपल्या हातात उरतो.

लक्षद्वीपने हा वेग एका योगायोगाने आवरला होता. मिनिकॉय बेटावर काठी-गळाने कुपा (ट्यूना) पकडण्याची जुनी परंपरा आहे: लगूनमधून बारीक मासे जिवंत आमिष म्हणून धरायचे, ते खोल पाण्यात उधळायचे आणि वर आलेला कुपा एकेक करून गळाने बोटीत खेचायचा. १९६०च्या दशकात सरकारी प्रोत्साहनाने ही पद्धत इतर बेटांवर पसरली आणि मासेमारीचा सारा भर भित्तीवरून उघड्या समुद्राकडे गेला. संरक्षणाचा हेतू त्यात कोणाचाही नव्हता, तरी पन्नास वर्षे भित्तीवरचे हेकरू निवांत म्हातारे झाले. गेल्या काही वर्षांत बाहेरच्या बाजारपेठेची मागणी वाढली आणि हा योगायोग सरत चालला आहे. बित्रा बेटापाशी चौकोनी शेपटीच्या हेकरूंचा विणीचा जमाव संशोधकांना आढळला, तेव्हा तिथली गर्दी जगात नोंदलेल्या दाट जमावांपैकी एक होती. इतक्या दाटीत त्यांचे वागणेही बदलते. एरवी नर तळावर आपापली जागा धरून एकेका मादीची वाट पाहतात. इथे काही मोठे नर लहान माद्यांच्या थव्यांमागे फिरताना दिसले. विणीत गुंग झालेला मासा सावध नसतो, आणि हजारो मासे ठरल्या तिथीला ठरल्या ठिकाणी येतात, हे कळल्यावर मारणाऱ्याला कष्ट उरत नाहीत. कॅरिबियन समुद्रात नासाऊ हेकरूंचे असे जमाव एकामागून एक संपले. लिटल केमन बेटापाशी २००१मध्ये सापडलेल्या सुमारे सात हजारांच्या जमावातून दोन हंगामांत चार हजार मासे काढले गेले.

मात्र त्या लिटल केमनलाच २००३मध्ये विणीच्या काळातली मासेमारी थांबवली, आणि पुढच्या दीड दशकात जमाव तिपटीहून अधिक वाढला. संरक्षणाच्या बाजूने मला सर्वांत पटणारा पुरावा हा आहे, कारण तो मोठ्या क्षेत्रावर कुंपण घालण्याबद्दल नसून वेळेबद्दल आहे. फिलिपिन्समधल्या सुमिलोन (१९७४) आणि अपो (१९८२) या बेटांवर एंजल अल्काला यांनी गावकऱ्यांच्या साथीने राखीव भाग केले. सुमिलोनचा राखीव भाग १९८४मध्ये पुन्हा खुला झाला, तेव्हा आसपासच्या मासेमारांची आवक वाढण्याऐवजी घटली; म्हणजे राखीव भाग बाहेरच्या मासेमारीलाही पोसत होता. या यशाचे सूत्र पुढे जगभर सरसकट नकाशांवर उतरवण्यात आले, आणि तिथे अडचणी सुरू झाल्या. मालवणचे सागरी अभयारण्य हे आपल्या घरचे उदाहरण. १९८७मध्ये २९.१२ चौरस किलोमीटरचे क्षेत्र जाहीर झाले आणि तेव्हापासून स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. शास्त्रज्ञांचा रोख पुष्कळदा असा असतो, की लोकांना महत्त्व कळले नाही. मला हे मान्य नाही. ज्याचे घर किनाऱ्यावर आणि ज्याचे गळ-कांडाळ समोरच्याच पाण्यात, त्याला बारमाही बंदीची सगळी किंमत मोजावी लागते आणि फायदा मात्र दूरच्या भविष्यात असतो. उलट वेळेची बंदी कोकणाला परकी नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या न लोटण्याचा रिवाज सरकारी पावसाळी बंदीच्या कितीतरी आधीचा आहे. अडचण एवढीच, की बित्राचे हेकरू पावसाळ्यात जमत नाहीत. पावसाळी बंदी ज्या माशांना लागू पडते त्यांना ती पडते. प्रत्येक माशाची वीण वेगळ्या महिन्याला, वेगळ्या तिथीला असते, आणि त्या तिथीची माहिती बहुधा मच्छीमाराकडेच असते. रॉबर्ट योहानेस यांनी १९७०च्या दशकात पलाऊ बेटांवरच्या मच्छीमारांशी बोलून माशांच्या विणीच्या तिथी नोंदवल्या, तेव्हा साऱ्या जगाच्या शास्त्रीय वाङ्मयात मिळून जेवढ्या जातींच्या तिथी ठाऊक होत्या त्याहून अधिक त्यांना त्या छोट्याशा देशात मिळाल्या. पलाऊने १९९४च्या कायद्याने हेकरूंच्या विणीचे महिने बंद केले ते याच ज्ञानाच्या बळावर.

शेवटचा आक्षेप घाईचा आहे: समुद्र तापत असताना असल्या छोट्या उपायांनी काय साधणार? याचे उत्तर वयाच्या हिशेबातच आहे. आठशेहून अधिक भित्तींच्या २०१५च्या एका तौलनिक अभ्यासात, मासेमारी झालेली भित्ती पूर्णपणे राखली तरी तिला पूर्वीचे मत्स्यधन बव्हंशी परत मिळायला सरासरी ३५ वर्षे लागतील असे आढळले. साठा दोन हंगामांत जातो आणि भरायला दशके लागतात. कार्बन आवरायला जगाला जितका वेळ लागणार आहे तितका वेळ हे मासे काढू शकले, तर त्यानंतर भित्ती पुन्हा वसवायला कोणीतरी उरेल. ते आताच संपले तर पाणी थंड होऊनही उपयोग होणार नाही. याला मी खात्री म्हणणार नाही, पण जे हातात आहे त्यातला हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

पुढची प्रकरणे या मांडणीचे पुरावे वेगवेगळ्या बाजूंनी तपासतात. काही एका जातीचे चरित्र सांगतात, काही एका बेटाचे, आणि दोन ठिकाणी माझ्या मताविरुद्धची बाजू मुद्दाम सविस्तर दिली आहे. लगूनमधल्या समुद्रगवतावर ताव मारणाऱ्या हिरव्या कासवांवरून मच्छीमार आणि वन्यजीवप्रेमी यांच्यात उभा राहिलेला तंटाही त्यात आहे. एका प्राण्याचे यशस्वी संरक्षण दुसऱ्याच्या मुळावर येऊ शकते हे त्यात स्वच्छ दिसते. जातींना शक्य तिथे मालवणी-कोकणी बाजारातली नावे वापरली आहेत, आणि जिथे असे नाव नाही तिथे शास्त्रीय नाव देवनागरीत दिले आहे. पुस्तक क्रमाने वाचायलाच हवे असे नाही. मात्र कानातल्या खड्यांवरून वय काढण्याचे प्रकरण आधी वाचले तर पुढचे सोपे जाईल.

किनाऱ्याशी संबंध असलेल्या वाचकांना एक विनंती. हेकरू किंवा तांबोसा साफ करताना पोटात गाबोळी मिळाली, तर त्या दिवसाची तिथी, माशाची लांबी आणि तो कुठल्या खडकावरून आला हे एका वहीत लिहून ठेवा, आणि मासळी विकणाऱ्या बाईला विचारा की अशी गाबोळी तिला कोणत्या महिन्यात सर्वांत जास्त दिसते. आंग्रिया बँकपासून कर्नाटकातल्या नेत्राणी बेटापर्यंतच्या खडकांवर कोणती वेळ राखायची, हे ठरवताना अशा वह्या लागतील.